समुद्र जेवायला आला

मी नववीत गेले तोवर माझ्या मामाकडे ऐंशी होड्या झाल्या होत्या. पाचवीत त्या तीन होत्या. सहावीच्या पावसाळ्यात सात झाल्या, सातवीत माझे टॉन्सिल काढले त्या आठवड्यात एकदम चाळीसवर गेल्या, आणि आठवीच्या गॅदरिंगनंतर मलाच त्या सांभाळणं अवघड जाऊ लागलं. प्रत्यक्षात मामाकडे एकच होडी होती आणि तीही अर्धी त्याच्या मेहुण्याची. पण आमची शाळा पालीची, डोंगराच्या पायथ्याची. तिथून मामाचं रेवदंडा अडीच तासांवर, आणि वर्गातल्या बेचाळीस पोरांपैकी मामाचं घर बघितलेलं कोणीच नव्हतं. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर माणसाने काय करावं, तुम्हीच सांगा. मी होड्या बांधल्या. मामाच्या विहिरीत कासव सोडलं, ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापेक्षा म्हातारं होतं. मामीचा पाटा म्हणजे पोर्तुगीजांच्या तोफेचा तुकडा होता. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली थाप होती समुद्राची. मामाच्या अंगणात पंगत बसली की समुद्र जेवायला येतो, असं मी सांगून ठेवलं होतं. पंगतीच्या कडेकडेने येतो, कोणाला त्रास देत नाही, आणि ताकभात झाला की आल्या पावली परत जातो. मामी त्याच्यासाठी एक मूद बाजूला काढून ठेवते. ही मूद मला ऐन वेळी सुचली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

आमचं घर देवळाच्या गल्लीत, दुकानाच्या माडीवर. बाबांचं पेढ्यांचं आणि मोदकांचं दुकान. पहाटे चारला खाली कढईत उलथनं घासायला लागे, त्या घासण्याच्या तालावर मी झोपेत कूस बदलायची. पाचला देवळातली घंटा, साडेपाचला समोरच्या चहावाल्याचा स्टोव्ह, सहाला मुंबईच्या पहिल्या गाडीतून उतरलेल्या बायकांचं "अहो, चपला कुठे काढायच्या?" आटणाऱ्या दुधाचा वास माझ्या वह्यांना, युनिफॉर्मला, रिबिनींना असा लागलेला असायचा की भूगोलाचे सर माझी वही तपासताना नक्की दोनदा आवंढा गिळायचे. बाबा दिवसाला अकरा शब्द बोलत. त्यातले पाच गिऱ्हाइकांसाठी, चार देवासाठी आणि उरलेले दोन आमच्यात वाटून. आई रेवदंड्याची. ती बाबांचाही कोटा वापरायची. तिला साधं डोकं दुखलं तरी "हजार घण पडतायत" आणि बाजारात दोन बायका भेटल्या तरी "अख्खा तालुका लोटला होता." मी तिचीच मुलगी. माझ्यात जे काही आहे ते खाडीवरून आलेलं आहे.

माझ्या थापांवर वर्गात कोणी विश्वास ठेवत नसे, फक्त ऐकायला गर्दी करत. विश्वास ठेवायची एकटी चित्रा. ती माझ्या बाकावर बसायची. तिचं घर दुर्वा आणि हार विकणारं. तिची बोटं कायम हिरवी, दोऱ्याने कापलेली. चित्रा खोटं बोलत नसे, म्हणजे तिला ते जमतच नसे. वर्गाची मॉनिटर तीच. कोणाची वही चोरीला गेली, कोणी कोणाला ढकललं, भांडण शिक्षकांपर्यंत गेलं की ते म्हणत, "चित्राला विचारा," आणि चित्रा सांगेल तो निकाल. अशी मुलगी माझ्या ऐंशी होड्या मान्य करून बसली होती. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. "आपल्याकडे सगळं जग येतं, मग आपण कुठे जायचं?" हे तिच्या वडिलांचं म्हणणं. त्यामुळे तिचा सगळा समुद्र माझ्या तोंडून आलेला.  मला वाटायचं, बरं आहे की, हिला घरबसल्या मिळतोय.

त्या वर्षी शाळेत पनवेलहून दर गुरुवारी एक समुपदेशक मॅडम येऊ लागल्या. समुपदेशक हा शब्दच पालीला नवीन होता. शिपाईकाकांनी पाटीवर लिहिताना तो तीनदा पुसला. दळवी मॅडम तरुण, शांत, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायच्या. ही फार भयंकर पद्धत आहे. समोरच्याला मग बोलावंच लागतं. कुणीतरी माझं नाव त्यांच्याकडे पोचवलं आणि त्यांनी आईबाबांना बोलावणं धाडलं. बाबा दुकानाला कुलूप लावून आले, देवळाच्या गल्लीत ही बातमी आगीसारखी पसरली. प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या शेजारी, आम्ही चौघं बसलो.

"घरी कोणी वाढवून-चढवून बोलतं का?" मॅडमनी विचारलं.

"छे हो," आई म्हणाली. "आमच्याकडे कुणी एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. लाख वेळा सांगितलंय मी हिला. लाख कशाला, कोटी वेळा. माझा घसा बसला सांगून सांगून, सहा महिने आवाजच नव्हता मला."

मॅडमनी बाबांकडे बघितलं. बाबांनी सांगाड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नसता तर बरं झालं असतं."

त्या दिवशीचे त्यांचे शब्द तिथेच संपले.

मॅडमनी मला एक वही दिली. डाव्या पानावर खरं, उजव्या पानावर खोटं, असं सगळं लिहून आणायचं. मी दोन रात्री बसले. डाव्या पानावर 'मामा आहे' आणि 'होडी आहे' एवढंच आलं. पाट्याचं कुठे लिहावं कळेना, कारण तोफेचं मला मामानेच सांगितलं होतं आणि मामाचं काय खरं धरायचं हा आमच्या घराण्यातला जुनाच प्रश्न. उजवं पान भरलं, मागच्या पानांवर गेलं, शेवटी आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात 'समुद्र जेवायला येत नाही' हे लिहिलं. मॅडमनी नेमकं तेच बोटाने दाखवलं. "हे चित्राला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग तिला तू सांगायला हवंस, सुरेखा. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी." मी हो म्हटलं. ती त्या वर्षातली माझी सगळ्यात छोटी थाप होती.

आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या वर्गशिक्षक गोळे सरांनी नववीची सहल जाहीर केली. रेवदंड्याचा किल्ला, चौलचं रामेश्वराचं देऊळ, अलिबागचा किनारा. "आणि दुपारचं जेवण," सर माझ्याकडे बघून हसले, "आपल्या सुरेखाच्या मामांकडे. तीच सांगते ना, त्यांच्याकडे हजार माणूस सहज जेवतं." बेचाळीस तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या पायाखालची फरशी कुठे गेली ते मला अजून सापडलेलं नाही.

सहलीचा दिवस ठरवण्याची आमच्या शाळेची एक खास रीत होती. पालीत घरटी कोणी ना कोणी देवाच्या गर्दीवर जगतं. पेढे, हार, खोल्या, गाड्यांचं पार्किंग. रविवारी पोरांना सोडायला पालक तयार नसत, मंगळवारी नसत, चतुर्थीचं तर नावच काढायला नको. पालकसभेत हेडसर कॅलेंडर घेऊन उभे राहिले आणि अर्ध्या तासाच्या ओढाताणीनंतर सगळ्यांचं एकमत झालं ते अमावस्येवर. अमावस्येला देवळात शुकशुकाट. आईसुद्धा "अमावस्येला उत्तम" म्हणाली. खाडीकाठी जन्मलेली बाई, पण पंधरा वर्षं पालीत राहून तिलाही अमावस्या म्हणजे कमी गिऱ्हाईक एवढंच उरलं होतं. अमावस्येचा समुद्राशी काय संबंध असतो हे त्या सभेत एकालाही आठवलं नाही.

पुढचं घडलं ते मधल्या सुट्टीत. निलेश नावाचा एक मुलगा होता. त्याचा मोठा भाऊ अलिबागला कॉलेजात होता, त्यामुळे तो स्वतःला समुद्राचा नातेवाईक समजायचा. तो म्हणाला, "समुद्र बांधाच्या आत येत नसतो. माझ्या भावाला विचार. हिच्या मामाच्या अंगणात येणार म्हणे, जेवायला."

"येतो," चित्रा म्हणाली.

"तू बघितलास?"

"हिने बघितलाय."

"मग लाव पैज. समुद्र आला तर मी अख्ख्या वर्गासमोर हिची माफी मागेन. नाही आला तर फळ्यावर लिहायचं, 'आम्ही थापाड्या', आणि खाली दोघींची नावं. दिवसभर पुसायचं नाही."

"दोघींची कशाला?" मी म्हटलं.

"चालेल," चित्रा म्हणाली. मला विचारलंही नाही. पुन्हा डबा खायला लागली. ज्या मुलीचा शब्द शिक्षकसुद्धा पुरावा म्हणून घ्यायचे, तिने तो माझ्या मुदीच्या भातावर लावला होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं मी. पण तिच्या डब्यातल्या भाकरीवर दुर्वांचा हिरवा डाग होता, तो बघत राहिले आणि सुट्टी संपली. त्याऐवजी मी घरी येऊन दुकानातल्या फोनजवळ आईचा पदर धरून रडले. माझी योजना साधी होती, मामाने आजारी पडावं. काहीही चालेल, कांजण्या, कावीळ, म्हैस शिंगाने मारते ते. आईने नंबर फिरवला आणि भावाला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, त्यात पैज, फळा, मॅडम, आणि माझे अश्रू एका बादलीच्या मापाने. मग फोन माझ्या कानाला लावला.  पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. "कंची तिथी म्हनलीस गो बाय?" त्याने विचारलं. "अमावस्या," मी म्हटलं. "मंग बिनघोर ये," तो म्हणाला. "पोरान्ला चांगलं सव्वाअकरालाच पंगतीला बसव."

सहलीच्या सकाळी लाल एसटी शाळेच्या दारात उभी राहिली ती थंडीने थरथरत. पोरांचे आवाज इतके चढले होते की रस्त्यापलीकडची कुत्री पाय लावून पळाली. प्रत्येक आई खिडकीतून काहीतरी आत कोंबत होती. चिवडा, स्वेटर, उलटीची गोळी, पुन्हा चिवडा. बाबा पहाटेच पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "मामीला." रोह्याच्या पुढे अर्ध्या बसला उलट्या झाल्या आणि उरलेल्या अर्ध्याने गाणी म्हटली. दळवी मॅडमही होत्या, पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स. त्या पर्समध्ये माझी वही होती हे मला पर्सच्या कातड्यातून दिसत होतं. साळावच्या पुलावर बस चढली आणि दोन्ही बाजूंना नुसतं पाणी उघडलं, तेव्हा बेचाळीस पोरं एका अंगाला धावली. ड्रायव्हर म्हणाला बस कलंडली तर मी जबाबदार नाही. चित्रा जागची हलली नाही. तिने माझं मनगट धरलं होतं. "तू सांगितलंस त्याच्यापेक्षा लहान आहे," ती म्हणाली. "ही खाडी आहे," मी म्हटलं. "समुद्र पुढे आहे." हे खरं होतं, आणि खरं सांगताना आपला आवाज किती वेगळा येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

किल्ला बघितला, त्याच्या पायथ्याचा किनारा बघितला. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा बघून एका मुलीने विचारलं, "हे कोणाचे कपडे?" चित्रा पाण्यात घोट्याएवढी उभी राहिली आणि प्रत्येक लाटेला एक पाऊल मागे सरत राहिली. गोळे सरांच्या शिट्टीलाही ती हलेना. मला आनंद व्हायला हवा होता. मी सतत घड्याळ बघत होते.

मामाचं घर खाडीच्या अंगाला, खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत. दाराशी मामा उभा, नवा शर्ट, केसांना तेल. त्याने हेडसरांना मारावा तसा गोळे सरांना नमस्कार मारला आणि मॅडमना खुर्ची पुसून दिली. "ऐंशी होड्या कुठे आहेत?" निलेशने पहिल्याच श्वासात विचारलं. मामाने पापणी हलवली नाही. "समिंदरात. होडी घरात ठिवतात व्हय?" पोरांना हे पटलं. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला.

मागच्या बाजूला पोपटी लावलेली होती. पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्याविषयी मला खरंच वाईट वाटतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. धूर असा की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातूनही पाणी. शेंगा मामीच्या वाफ्यातल्या. भात कापून झाला की ती अंगणाच्या पलीकडच्या वाफ्यात वाल टाकायची. वर्षाची उसळ, बिरडं, लेकींकडे पाठवायचे डबे, सगळं त्याच एका वाफ्यातून. मामीने मला जवळ घेऊन पेढ्यांचा वास घेतला आणि म्हणाली, "आली का गोडाची बाय." मी अंगणाकडे बघितलं. मामाने चटया अगदी खालच्या कडेला टाकल्या होत्या, जिथून बांधाकडे पाण्याचा पाट जातो. चपला त्याच्याही खाली, रांगेत. इतकी चांगली सावलीची जागा वर असताना.

सव्वाअकराला पंगत बसली. अर्धा तास गेला. शेंगा सोलण्याच्या आवाजापलीकडे काही नाही. निलेश मधूनमधून मान उंचावून म्हणायचा, "आले नाहीत का अजून पाव्हणे?" आणि पोरं हसायची. चित्रा खाली मान घालून शांतपणे जेवत होती. मी एकच बटाटा सोलत बसले होते. मग कोणाची तरी निळी स्लिपर पंगतीसमोरून गेली. हळूहळू, एकटीच, जशी काही तिला कुठे तरी कामाला जायचं होतं. तिच्या मागे बुटांचा जोड. त्यामागे सॅंडल.  पाणी पाटातून आलं होतं, आवाज न करता, उन्हात चकाकत, आणि ते पंगतीच्या कडेने, मी सांगितलं होतं अगदी तसं, चटईच्या टोकाला शिवलं.

"आला," चित्रा म्हणाली.

पुढची दहा मिनिटं मला कुणी विकत मागितली तरी मी देणार नाही. बेचाळीस पोरं पत्रावळ्या डोक्यावर घेऊन उभी. गोळे सर शिट्टी फुंकत चपलांच्या मागे. दळवी मॅडम खुर्चीवर उभ्या, एका हातात पर्स आणि दुसऱ्यात शेंग. पोरं किंचाळत होती, नाचत होती, पाण्यात हात घालून चाखून बघत होती. "खारट आहे रे, खरंच समुद्र आहे." एका मुलाने आपला भात पाण्याला वाढला. निलेश गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता, त्याचा एक बूट खाडीच्या वाटेला लागलेला. हे गुडघाभर मी लिहिलं खरं, होतं घोट्याएवढंच. चित्रा सगळ्यांना फिरून फिरून सांगत होती, "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?" तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी? मी हात पसरून, पाहुण्याची ओळख करून द्यावी तशी, पाण्याकडे दाखवत उभी होते. माझा थाट देवीसारखा असणार.

माझी एक चप्पल घराच्या मागे वाहत गेली, ती आणायला मी गेले. तिथे मामी वाफ्यात उभी होती. वाफाभर पाणी. वालाचे वेल खालून भिजलेले, अर्ध्या शेंगा अजून झाडावर. ती वाकून हाताने पाणी बाहेर लोटत होती, ताटातलं सांडलेलं लोटतात तसं, आणि पाणी परत येत होतं.

"मामी, काय झालं?"

"खारं पानी हाय, बाय. मुळाला लागलं की गेलं." तिने हात पुसले. "दोन वर्सं या मातीत काय व्हनार न्हाय."

"पण पाणी आलं कसं? बांध आहे ना?"

मामीने बांधाकडे मान केली. तिथे उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी अडवायला बांधात बसवलेलं लाकडी फळ्यांचं दार. फळ्या बाजूला काढून उभ्या ठेवल्या होत्या. "अमुशाची भरती. तिथीची पाऊनपट करायची, अमुशा म्हंजे पंधरावी, तिचे सव्वाअकरा येतात, अन् वर घटकाभर. माझी सासू चुलीपाशी बसून सांगायची समिंदर कवा येनार ते. तुझा मामा चार दिवस त्या कॅलिंडरात डोकं घालून बसलावता, तवाच मला समजाया पायजे व्हतं." तिने पदर खोचला. "एक फळी काढली असती तर अंगनात आलं असतं, तेवढंच. त्यानं दोन काढल्या."

एकाने आमच्या घराण्यात कधी भागलेलं नाही.

 मामी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने माझी चप्पल पाण्यातून उचलली, झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. "जेवलीस का पोटभर?" तिने विचारलं. तिने मला रागावलं असतं तर मी आज वेगळी बाई असते, बहुतेक अजून थापाडी. अंगणातून माझ्या नावाचा जयजयकार ऐकू येत होता.

मामा हा प्रसंग नंतर लग्नाकार्यात सांगायचा. त्यात पाणी छातीपर्यंत यायचं आणि एक जिताडा मासा थेट मॅडमच्या पानात उडी मारायचा. वालाचा वाफा त्यात कधी आला नाही. मामी शेजारी बसून ऐकायची आणि पान लावत राहायची.

परतीच्या बसमध्ये मी राणी होते. अलिबागचा किनारा, चौलचं देऊळ कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. पोरं एकमेकांना समुद्राची गोष्ट सांगत होती, आणि नागोठण्याला पोचेपर्यंत पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. निलेश माझ्या सीटपाशी येऊन म्हणाला, "सोमवारी मागतो माफी. शब्द म्हणजे शब्द." चित्रा खिडकीशी बसून हसत होती, ओले केस, पायांना वाळू. मला समोर दळवी मॅडमची मान दिसत होती. त्या वळल्या नाहीत, काही सुचवलं नाही. त्यांची ती भयंकर पद्धत.

मी उठले. ड्रायव्हरच्या केबिनच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. समुद्र जेवायला येत नाही. कधीच आला नव्हता. मामाने उघाडी काढली, अमावस्येची भरती होती, मामीचा वालाचा वाफा गेला. होडी एक आहे, तीही अर्धी. विहिरीत कासव नाही. मी एका श्वासात बोलले आणि माझ्या आयुष्यात तोवर मी सलग इतकं खरं कधी बोलले नव्हते.

बसभर हशा पिकला. "चल, काहीही फेकते," निलेश म्हणाला. "आम्ही डोळ्यांनी बघितलं की."

"आता खरं निघालं तर लाजते बघ," मागून कोणीतरी.

"बस खाली," गोळे सर म्हणाले. "घाट आहे. आणि इतका विनय बरा नाही."

मी म्हटलं, शपथ. ते आणखी हसले. बेचाळीस जणांच्या बसमध्ये मला कोणी खरं मानेना, आणि मी इतक्या वर्षांत जिच्याशी सगळ्यात जास्त खोटं बोलले होते, ती एकटी हसत नव्हती. तिने माझ्यावर कायमच विश्वास ठेवला होता, तसाच तो आताही ठेवला. मी शेजारी येऊन बसले तेव्हा तिने तोंड खिडकीकडे केलं.  पालीला उतरताना तिच्या वडिलांनी विचारलं, "बघितलास का समुद्र?" ती म्हणाली, "हो," आणि चालू लागली.

सोमवारी वर्गात मी आले तेव्हा आमच्या बाकाच्या मधोमध तिचं दप्तर ठेवलेलं होतं. मी कडेला बसले. प्रार्थना झाली, गोळे सर हजेरी घेऊ लागले, तेवढ्यात निलेश उभा राहिला. केसबिस विंचरून आला होता. "सर, मला सुरेखाची माफी—"

"थांब," चित्रा म्हणाली. ती फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि तिच्या त्या नीट, गोल अक्षरात लिहिलं, 'आम्ही थापाड्या'. खाली स्वतःचं नाव.

वर्गाला काही कळेना. दोघंतिघं टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं गंमत आहे. निलेश तर चिडलाच. "अगं, पण मी हरलोय. पाणी आलं होतं. माझा बूट गेला."

"पाणी आलं नव्हतं," चित्रा म्हणाली. "आणलं होतं."

सरांनी चष्मा काढला. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे ती बसमध्ये खरं सांगत होती?" आणि मग खाली रस्त्यावरच्या हारवाल्याची हाक वर्गात ऐकू आली. चित्राने हात लांब करून खडू माझ्यासमोर धरला. मी बाकावरून उठले, फळ्यापर्यंत गेले, आणि तिच्या नावाच्या वर जागा करून माझं नाव लिहिलं. माझं अक्षर घाणेरडं आहे, पण ते मागच्या भिंतीवरून वाचता येईल एवढं मोठं काढलं.

मी परत आले तेव्हा मधलं दप्तर खाली ठेवलेलं होतं. चित्रा भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. तिने पुस्तक दोघींना दिसेल असं सरकवलं आणि वर न बघता विचारलं, "तुझ्या मामीला वालाचं बी किती लागतं?"